कोकण किनाऱ्यावर शिडाच्या होडीने फिरायचंय? पहिली होडी निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या बंदरात शीड हाताळायला शिकलेल्या, किंवा शिकायचं ठरवलेल्या, आणि आता किनाऱ्याकिनाऱ्याने अलिबाग, मुरुड, जयगड, विजयदुर्ग असं खाली उतरायची इच्छा असलेल्या मंडळींसाठी हे पान आहे. दिवसा चालायचं, संध्याकाळी एखाद्या खाडीत नांगर टाकायचा, अशा सफरीसाठी कोणती होडी घ्यावी एवढाच विषय इथे आहे. अंतरं सागरी मैलांत दिली आहेत (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर) आणि वेग नॉटमध्ये, म्हणजे तासाला इतके सागरी मैल असा.

पहिली होडी किती फुटी असावी?

१८ ते २३ फूट. एवढ्या होडीत दोघांना झोपता येतं, पाणी-शिधा चार दिवसांचा मावतो, आणि शिडं इतकी आटोपशीर असतात की वारा अचानक वाढला तर एकटा माणूस ती उतरवू शकतो. माझ्या मते ही शेवटची कसोटी सर्वांत महत्त्वाची. सोबतचा माणूस समुद्र लागून आडवा पडला, तर होडी तुम्हाला एकट्याने बंदरात आणता आली पाहिजे.

लांबीचा वेगाशी संबंध आहे. वजनदार होडीचा कमाल वेग तिच्या पाण्याला टेकलेल्या लांबीवर ठरतो. ती लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणा, साधारण तेवढे नॉट. १६ फुटांना सुमारे ५.४ आणि २० फुटांना सुमारे ६. प्रत्यक्षात सरासरी चारच्या आसपास पडते. आठ तास चाललात तर तीसेक मैल. गेटवेपासून अलिबाग सुमारे २० मैल आणि मुरुड ४०. म्हणजे मुरुड एका दिवसात गाठण्याचा हट्ट छोट्या होडीने धरू नये, वाटेत रेवदंड्याचा मुक्काम आखावा.

मोठी होडी जास्त सुरक्षित नसते का? आपल्या नौदलाचे लोक तर ‘म्हादेई’तून जगाला फेरी मारून आले.

गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’ ५६ फुटी आहे. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता. ती दक्षिण महासागरासाठी बांधलेली नौका आहे आणि तिच्यावर जाणारे लोक वर्षानुवर्षांच्या तयारीचे होते. खुल्या महासागरात लांबी उपयोगी पडते, कारण तिथे वादळापासून पळून जायला जागा नसते. किनाऱ्यावर प्रश्न उलटा असतो. आसरा दहा-पंधरा मैलांवर असतो, पण त्याच्या तोंडाशी वाळूचा दांडा, म्हणजे पाण्याखालचा उंचवटा, असतो, आत जाळी पसरलेली असतात आणि धक्क्यावर मच्छीमार बोटींची दाटी असते. तिथे हलकी, उथळ पाण्यात चालणारी, पटकन वळणारी होडी तुम्हाला वाचवते.

डिंगी घेऊ, कीलबोट घेऊ की कॅटमरान?

डिंगीवर, म्हणजे हलक्या, लहान, उघड्या होडीवर शिका. एंटरप्राइज, लेझर किंवा तत्सम डिंगी उलटते, तुम्ही पाण्यात पडता, ती सरळ करून पुन्हा चढता. वारा कुठून येतोय हे मानेला आणि गालाला कळायला लागतं ते डिंगीवरच. पण डिंगीला सरळ ठेवणारं वजन म्हणजे तुम्ही स्वतः. दिवसभर कठड्यावर बसून शरीर बाहेर झोकणं हा मुक्कामाच्या सफरीचा मार्ग नव्हे. इंग्लंडच्या फ्रँक डाय यांनी १९६३ मध्ये पावणेसोळा फुटी उघड्या वेफेअरर डिंगीतून स्कॉटलंडहून आइसलंड गाठलं, हे खरं आहे. पण ते त्या होडीला रोमारोमांत ओळखणारे होते. नवशिक्याने त्यातून इतकंच घ्यावं की चांगली बांधलेली छोटी होडी आपल्या समजुतीपेक्षा कितीतरी जास्त सोसते.

हॉबी १६ सारखी कॅटमरान, म्हणजे दोन पोटांची होडी, वाऱ्यासारखी धावते, पण सामान ठेवायला जागा नाही आणि समुद्रात पूर्ण उलटी झाली तर दोघांना सरळ करणं जड जातं. किनाऱ्यालगत दुपारभर खेळायला उत्तम.

मुक्कामाच्या सफरीसाठी कीलबोट, म्हणजे पोटाखाली जड कणा असलेली होडी. एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त वजन खाली असेल तर ती वाऱ्याने कलली तरी परत उठते. कॉकपिटमध्ये, म्हणजे बसून होडी चालवायच्या खोलगट जागेत, लाट शिरली तर पाणी आपोआप बाहेर जायची सोय आहे ना, हेही पाहा. ती नसेल तर बाकी कितीही आवडली तरी ती होडी सोडा.

कील कोणत्या प्रकारची असावी?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात. खरं तर तो पहिला असायला हवा, कारण आपल्या किनाऱ्यावर होडीचं नशीब भरती-ओहोटी ठरवते.

उधाणाच्या दिवसांत (अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास) मुंबईला भरती आणि ओहोटीच्या पातळ्यांत चार ते साडेचार मीटरचा फरक पडतो. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास) तो बराच कमी होतो. दक्षिणेकडे उतरावं तसा फरकही उतरतो. गोव्यात तो साधारण दोन मीटरवर येतो. याचा अर्थ असा की सकाळी ज्या पाण्यात तुम्ही निर्धास्त नांगर टाकलात, तिथे दुपारी चिखल उघडा पडू शकतो. शिवाय कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो आणि तो दर पावसाळ्यात सरकतो. मागच्या वर्षीची वाट यंदा असेलच असं नाही.

स्थिर खोल कील असलेली होडी वाऱ्याच्या तोंडावर, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, सुंदर चढते. मुंबईच्या शर्यतींत दिसणारी जे-२४ घ्या. २४ फुटी, डुबी (पाण्याखालची खोली) १.२२ मीटर, चपळ आणि शिकवणारी. पण ती चिखलात बसली की आडवी होते आणि भरती येईपर्यंत तशीच राहते. त्यात पाणी परत चढताना कॉकपिटमध्ये शिरण्याचा धोका असतो.

दुहेरी कीलची होडी ओहोटीला दोन पायांवर सरळ उभी राहते. मुंबईच्या आसपासच्या चिखलाळ खाड्यांत ही मोठी सोय आहे. शांतपणे चहा करा, भरतीची वाट पाहा. वाऱ्याच्या तोंडावर ती थोडी आळशी असते, तेवढं चालवून घ्यावं लागतं.

उचलता येणारी कील हा तिसरा मार्ग, आणि निवड माझ्यावर सोपवलीत तर मी इथेच थांबेन. खाली सोडली की होडी वाऱ्यावर चढते, वर घेतली की गुडघा-मांडीभर पाण्यातून दांडा ओलांडते, आणि पावसाळ्यापूर्वी ट्रेलरवर चढवून घरी नेता येते. मात्र तिची कळ नाजूक असते. कील जिच्यावर फिरते ती पिन, तिला उचलणारी तार आणि तिचा ड्रम ही तिन्ही खाऱ्या पाण्यात झिजतात. दरवर्षी होडी बाहेर काढल्यावर ती सोडवून पाहायची. तार वरून चकचकीत दिसते आणि आतून गेलेली असते.

वाऱ्याचा विचार निवडीत कुठे येतो?

परतीच्या वाटेवर. ऑक्टोबरनंतर कोकणात पहाटे मतलई वारा वाहतो, जमिनीकडून समुद्राकडे, हलका आणि कोरडा. दहा-अकरा वाजता तो पडतो. मग दुपारी खारा वारा उठतो, बहुधा वायव्येकडून, १० ते १५ नॉट, आणि मार्च ते मेमध्ये कधी २० पर्यंत. मुंबईहून दक्षिणेला जाताना हा वारा पाठीशी किंवा बाजूला मिळतो आणि प्रवास इतका सुखाचा होतो की माणसाला वाटतं, आपल्याला सगळं जमलं.

मग परत फिरायचं असतं. आता तोच वारा नाकावर आणि त्याने उठवलेल्या आखूड लाटा नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर. वीस मैलांचं अंतर आडवं-तिडवं कापत जवळजवळ तीस होतं. ज्या होडीला वाऱ्यावर चढता येत नाही, ती इथे रडवते. म्हणून होडी बघायला गेलात की मालकाला सांगा, दुपारी तीनला बाहेर नेऊ, आणि वाऱ्याच्या तोंडावर चालवून दाखवा. सकाळी नऊच्या संथ पाण्यात प्रत्येक होडी चांगलीच वाटते.

जाणकार लोक परतताना पहाटे चारला नांगर उचलतात आणि मतलईवर जमतील तेवढे मैल पदरात पाडून खारा वारा जोर धरण्याआधी आत शिरतात. अंधारातला पहिला तास जाळ्यांमुळे जोखमीचा असतो, तेव्हा नवख्याने उजेड फुटल्यावरच निघावं.

शिडांची कोणती मांडणी सोपी?

एक डोलकाठी, एक मोठं शीड, पुढे एक जिब, म्हणजे लहान शीड. मोठ्या शिडाला दोन ठिकाणी आखडण्याची, म्हणजे वारा वाढला की लहान करण्याची, सोय हवीच. जिब गुंडाळता येणारी असली तर नाळेवर चढायचं काम वाचतं. डोलकाठी एकट्या-दुकट्याने उतरवता येते का तेही पाहा, कारण खाड्यांवर पूल आहेत आणि ट्रेलरवर ती आडवी करावी लागतेच.

शिडाच्या होडीला इंजिन कशाला?

वारा पडलेला, ओहोटी लागलेली आणि समोरून कंटेनरचं जहाज येतंय, अशा वेळेसाठी. मुंबई बंदरात उधाणाला पाण्याचा ओढ दोन-तीन नॉट होतो. वाऱ्याशिवाय तुम्ही त्याच्याबरोबर वाहत जाता. मोठ्या जहाजांच्या अरुंद मार्गात शिडाच्या होडीला अग्रहक्क नसतो. २० मीटरपेक्षा लहान नौकेने आणि शिडाच्या नौकेने त्यांना अडथळा करू नये असाच आंतरराष्ट्रीय नियम आहे.

२० ते २३ फुटी होडीला ४ ते ६ अश्वशक्तीचं आउटबोर्ड, म्हणजे मागे टांगायचं इंजिन, पुरतं. त्याचा पंख्यापर्यंतचा दांडा लांब घ्या, नाहीतर लाटेवर पंखा पाण्याबाहेर येऊन नुसता गरगरतो. पोटातल्या इंजिनापेक्षा आउटबोर्ड मला आपल्या किनाऱ्यावर जास्त योग्य वाटतं, आणि त्याचं कारण जाळी. रायगडच्या किनाऱ्यावर खुंटांना बांधलेली डोलजाळी असतात, बाहेर मैलोनमैल तरंगती जाळी. पंख्यात जाळं अडकलं तर आउटबोर्ड वर उचलून तुम्ही ते हाताने सोडवू शकता. आतल्या इंजिनाला पाण्यात उडी मारावी लागते.

याच कारणासाठी सुकाणू मागच्या फळीवर टांगलेलं आणि वर घेता येणारं असावं. आणि जाळं शक्यतो कापू नका. ते कोणाचं तरी पोट आहे. लांबून तांडेलाला, म्हणजे मच्छीमार बोटीच्या प्रमुखाला, हात करून विचारलंत तर तो वाट दाखवतो.

नांगर केवढा, दोर किती?

होडीसोबत येतो त्यापेक्षा एक माप मोठा. मुंबई-रायगडकडचा तळ चिखलाचा आहे, तिथे डॅनफोर्थ पद्धतीचा, दोन चपट्या पात्यांचा नांगर चांगला रुततो. दक्षिणेला वाळू आणि खडक मिसळतात, म्हणून दुसरा वेगळ्या घाटाचा नांगर जवळ असावा. नांगराला आधी पाच-सहा मीटर साखळी, मग दोर.

किती सोडायचा हे भरतीच्या खोलीवरून मोजायचं. समजा ओहोटीला पाणी २ मीटर आहे, भरतीने ४ मीटर चढणार आहे आणि नाळ पाण्यापासून १ मीटर उंच आहे. एकूण ७. त्याच्या पाचपट म्हणजे ३५ मीटर, वारा असेल तर सातपट म्हणजे ४९. ज्याने दुपारच्या २ मीटर पाण्यावर हिशेब केला, त्याची होडी रात्री भरतीबरोबर नांगर ओढत निघते.

केबिन कशी असावी?

झोपता येईल आणि हवा खेळेल इतकीच. उभं राहता येणारी केबिन २२ फुटांत बसवायची म्हणजे होडी उंच होते आणि वाऱ्याला छाती देते. आपल्याकडे थंडीपेक्षा ऊन मारतं. त्यामुळे कॉकपिटवर कापडी छत, पुढे हवेसाठी मोठी झडप आणि माणशी दिवसाला चार लिटर पाण्याची जागा हवी.

मच्छीमारांची फायबरची होडी स्वस्तात घेऊन तिला शीड लावलं तर?

हा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो आणि त्यामागची आपुलकी मला कळते. एकेकाळी हा सगळा किनारा शिडावरच चालत होता. पण आजची फायबरची होडी इंजिनासाठी घडवलेली असते. तळ चपटा, खाली कणा नाही, वजन नाही. शीड चढवलंत तर ती पुढे जाण्याऐवजी बाजूला घसरते आणि झोत आला की उलटते. डोलकाठीचा ताण पेलायला तिच्या बरगड्याही केलेल्या नसतात. नका करू.

जुनी होडी घेताना काय तपासायचं?

पहिली होडी जुनीच घ्यावी. दोन मोसमांत तुमच्या गरजा बदलतात.

होडी पाण्याबाहेर काढल्याशिवाय पैसे देऊ नका. बाहेर काढल्यावर कील आणि पोटाचा सांधा पाहा. तिथे गंजाचा ओघळ किंवा केसाएवढी भेग असेल तर आतले बोल्ट संशयास्पद. पोटावर फोड आहेत का बघा. फायबरच्या थरांत पाणी मुरल्याची ती खूण. थोडे फोड दुरुस्त होतात, पोटभर असतील तर सोडा. मग डेकवर चढून नाण्याने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत फिरा. टणक आवाज बदलून बद्द झाला की आतला गाभा कुजला आहे. डोलकाठीच्या तारा जिथे डेकला बांधल्या जातात, त्या पट्ट्यांच्या मुळाशी हे हमखास सापडतं.

तारांचं वय विचारा. दहा-बारा वर्षांच्या पुढे गेल्या असतील तर नव्या घालायचा खर्च किमतीतून वजा करा, वरून कितीही छान दिसोत. शिडं उन्हात धरून शिवण नखाने ओढा. कोकणातल्या उन्हात कापडाआधी दोरा जातो.

लाकडी होडीबद्दल एवढंच सांगतो: उबदार खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे जीव फार वेगाने काम करतात. हाताशी चांगला सुतार आणि दरवर्षी महिनाभर वेळ असेल तरच तिच्या वाटेला जावं.

शक्य असेल तर होडी जाणणारा त्रयस्थ माणूस पैसे देऊन सोबत न्या. विकणाऱ्याचा मित्र नको.

होडी ठेवायची कुठे?

हे ठरल्याशिवाय होडी घेऊच नका. गेटवेसमोर होड्या मुरिंगवर असतात, म्हणजे तळाला बांधलेल्या बोयाला. तिथवर जायला दुसरी लहान होडी लागते, फेरीबोटींच्या लाटांनी त्या सतत हिंदकळतात, आणि उबदार पाण्यात काही आठवड्यांतच पोटावर शेवाळ आणि बार्नेकल धरतात. पोटाला खास रंग लावूनही मधूनमधून खरवडावं लागतं.

पावसाळ्यात होडी पाण्याबाहेरच हवी. मच्छीमारांनाही १ जून ते ३१ जुलै बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय समुद्रात न जाण्याची रीत काही उगीच पडलेली नाही. चक्रीवादळं तर पावसाच्या आधीही गाठतात. ‘तौक्ते’ मे २०२१ च्या मध्यात आलं, ‘निसर्ग’ ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला थडकलं. म्हणून मी मेच्या पहिल्या आठवड्यातच होडी वर काढावी असं म्हणतो. ट्रेलरवर जाणाऱ्या होडीचा खरा फायदा इथे कळतो: क्रेनची वाट पाहावी लागत नाही.

वर्षाचा खर्च मांडताना जागेचं भाडं, काढ-घाल, रंग, दोर आणि विमा धरा. होडीच्या किमतीच्या दहा टक्के असा ठोकताळा जगभर सांगतात. जुन्या स्वस्त होडीला तो अपुराच पडतो.

कागदपत्रं आणि परवानगीचं काय?

नोंदणीचे कागद विकणाऱ्याच्या नावावर आणि पूर्ण आहेत ना, हे पैसे देण्याआधी पाहा. नियम तुमच्या बंदर अधिकाऱ्याकडून लेखी समजून घ्या. महाराष्ट्रात छोटी बंदरं महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे आहेत. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर पळवलेल्या मच्छीमार बोटीतून आले होते. तेव्हापासून अनोळखी होडीची चौकशी होते आणि ती व्हायलाच हवी. प्रत्येकाचं ओळखपत्र, होडीचे कागद जवळ ठेवा, निघताना आणि मुक्कामी पोचल्यावर सागरी पोलिसांना कळवा. सागरी सुरक्षेसाठी १०९३ आणि समुद्रातल्या संकटात तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा. मोबाइलला किनाऱ्यापासून थोडं बाहेर गेलं की भरवसा नाही, म्हणून परवाना काढून व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे जहाजांशी आणि किनाऱ्याशी बोलायचा संच, घ्या. त्याचा संकटाचा चॅनेल १६.

मी इंग्लंडमध्ये किंवा अमेरिकेत राहतो. तिथे काय बघू?

तुमच्याकडे निवडीला भरपूर वाव आहे. इंग्लंडच्या ओहोटीला कोरड्या पडणाऱ्या खाड्यांसाठी वेस्टर्ली सेंटॉर ही २६ फुटी दुहेरी कीलची होडी चांगली. १९६९ पासून दोन हजारांहून जास्त बांधल्या गेल्या, त्यामुळे जुन्या सहज मिळतात. अमेरिकेत कॅटलिना २२ बघा. उचलत्या कीलची वर घेतल्यावर डुबी फक्त दोन फूट. पिन आणि तारेबद्दल वर लिहिलंय ते तिलाही लागू.

किती शिकल्यावर होडी घ्यावी, आणि पहिली सफर कुठली?

एक पूर्ण मोसम दुसऱ्यांच्या होड्यांवर खलाशी म्हणून जा. मुंबईत क्लबांच्या शर्यतींत सीबर्ड आणि जे-२४ या होड्यांवर माणसं लागतात. वाढत्या वाऱ्यात शीड आखडणं, पाण्यात पडलेल्याला परत उचलणं आणि नांगर टाकून रात्र काढणं ही तीन कामं हाताखालून गेली की होडी शोधायला लागा.

आपल्या होडीची पहिली सफर मांडव्याला, भांगाच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत. गेटवेपासून ते सहा-सात मैल आहे, आणि वाटेत जहाजांचा मार्ग काटकोनात ओलांडायचा सराव होतो. दुसऱ्यांदा रेवदंडा, मग दिघीजवळची राजपुरीची खाडी, जिथे जंजिऱ्याच्या मागे चांगला आसरा आहे. जयगड आणि विजयदुर्ग ही त्यापुढची मोठी, भरवशाची बंदरं. मालवणला मात्र पहिल्यांदा जाताना स्थानिक माणूस बरोबर घ्या. सिंधुदुर्गाभोवतीचे खडक भरतीत पाण्याखाली लपतात. निघण्याआधी हवामान खात्याचा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राविषयी माहिती देणाऱ्या संस्थेचा लाटांचा अंदाज दोन्ही पाहायचे. बंदरात तीन नंबरचा बावटा, म्हणजे खराब हवामानाचा इशारा, लागला असेल तर त्या दिवशी निघायचं नाही.

मुलांना नेता येईल का?

पोहता येत असेल, अंगावर मापाचं लाइफ जॅकेट असेल आणि तुमच्याशिवाय होडी चालवू शकणारा आणखी एक मोठा माणूस असेल, तर खुशाल न्या. पहिल्या वेळी दोन तासांत परत या.